चार आणे कशाचे

३ मे, शुक्रवार

ही वही जिक्रामुळे. तक्रार करायची तर कुठल्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं, ते तारखेसकट लिहून ठेव, असं तिने सांगितलं. मराठीत नाही सांगितलं. तिचा जन्म इथलाच, शाळा इंग्रजी. मी मराठीत बोलतो, तिला सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. "राइट इट डाउन, तबिश. विथ डेट्स." ती माझं नाव कसं घेते यावर मी आत्ताच चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. तक्रारीच्या वहीत ते शोभत नाही.

तर तक्रार अशी. माझे मामू, कमाल, इथे कतारमध्ये एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं होते. हिवाळ्यात कंपनी बंद पडली. नोकरी संपल्यावरचा त्यांचा पैसा, थकलेला पगार आणि रजेचे धरून, बेचाळीस हजार रियाल निघत होता. त्यातले एकतीस हजार देणं लागतो असं कंपनीने लेखी कबूल केलं, बाकीच्या अकरा हजारांना हात वर केले. तेव्हा आले अश्फाकभाई. आमच्याच खाडीच्या पलीकडच्या गावचे. अल रय्यानला टायरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे; लोकांचे अडकलेले पैसे सोडवून देतात आणि त्यातले रुपयामागे चार आणे, म्हणजे चौथा हिस्सा, घेतात.

पैसे सुटले. चेक त्यांच्याच ऑफिसात आला, कारण मामूंनी तसा अधिकार लिहून दिला होता. त्यांनी सगळ्या बेचाळीस हजारांवर चार आणे कापले आणि उरलेले मामूंच्या हातावर ठेवले. जे एकतीस हजार कंपनीने आधीच कबूल केले होते, त्यांवरसुद्धा कापले. आमचं म्हणणं, त्यांचा हक्क फक्त झगडून आणलेल्या अकरा हजारांवर. म्हणजे पावणेआठ हजार जास्त गेले.

मी मामूंना विचारलं, सही करताना विचारलं का नाही, चार आणे कशाचे? म्हणाले, कसं विचारणार. अश्फाकभाई त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होते, आणि पाहुण्याचा हात ताटात असताना आमच्यात व्यवहार काढत नाहीत. मग सांदणं आली, मग चहा आला, आणि सही झाली ती लिफ्टची वाट बघताना, कागद भिंतीला लावून.

एकोणीस वर्षं परदेशात काढलेला माणूस. मी असतो तर ताट ओढून घेतलं असतं.

७ मे, मंगळवार

पैसे कशाला हवेत ते लिहायचं राहिलं. मामूंना गावच्या जेटीवर बर्फ फोडायचं मशीन टाकायचंय. आमच्या होड्यांना फोडलेला बर्फ तालुक्याहून टेम्पोने येतो आणि निम्मा वाटेतच पाणी होतो; अख्ख्या लाद्या आणून जेटीवर फोडल्या तर टिकतो. खोली मिळाली आहे, मशीनवाल्याला निम्मे पैसे दिले आहेत. हातात आलेला बाकीचा पैसा मुलीच्या लग्नात आणि घराच्या छपरात गेला. मशीनचे उरलेले पंधरा जुलैपर्यंत दिले नाहीत तर तो ते दुसऱ्याला विकणार. एक ऑगस्टला मासेमारी सुरू होते. मामूंचा इथे राहण्याचा परवानाही जुलैअखेर संपतो. थोडक्यात, हे पैसे आले नाहीत तर मामू रिकाम्या हाताने परत जाणार आणि चौपन्नाव्या वर्षी कोणाच्या तरी हाताखाली पुन्हा एसी उघडणार.

आज जिक्रा जिथे लोकांचे सरकारी अर्ज टाइप करून देते त्या टायपिंग सेंटरला तक्रारीचा मसुदा घेऊन गेलो. आमच्या बिल्डिंगखालीच, इथे अल वक्र्यात, एक टायपिंग सेंटर आहे. पण मामूंना ते पसंत नाही. म्हणतात, तो चुका करतो, तू रय्यानला मैमुनाच्या मुलीकडेच जा. मेट्रो, मधे लाइन बदला, मग ऊन. मी जराही कुरकुर केली नाही, यावरून मामूंनी काहीतरी ओळखायला हवं होतं. पण ते साधे आहेत, त्यांना असलं काही दिसत नाही.

मी तीन पानं लिहून नेली होती. जिक्राने लाल पेन घेतलं. 'चोर' खोडलं. 'लुटारू' खोडलं. 'यतीमांच्या तोंडचा घास' यावर तिने मान वर करून विचारलं, हू इज द ऑर्फन? मी म्हटलं, तसं बोलतात. ती म्हणाली, कंपनीने एकतीस हजार कबूल केल्याची तारीख कुठे आहे? ती तीन पानांत कुठेच नव्हती.

तिच्या स्कार्फला आज फिकट हिरवा रंग होता. हे तारखेसकट लिहून ठेवतो.

१० मे, शुक्रवार

जुम्म्यानंतर मामू आणि मी अश्फाकभाईंकडे गेलो. लेखी तक्रारीआधी एकदा तोंडी बोलायचं, असा मामूंचा हट्ट. त्यांनी आम्हाला लबन, म्हणजे इथलं ताक, पाजलं, अम्मीची तब्येत विचारली. मी ग्लासला हात लावला नाही. मामूंनी हळूच विषय काढला.

अश्फाकभाई चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कमालभाई, कागदावरच्या एकतीस हजारांची भाजी येते काय? कबूल तर त्यांनी सगळ्यांनाच केलेलं. तुमच्याबरोबरच्या किती जणांना मिळाले सांगा. आणून कोणी दिले?"

खरं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, मामूंच्या बरोबरच्या फोरमनला अजून एक रियालही मिळालेला नाही. पण वहीत हे लिहितोय, बाहेर कुठे बोलणार नाही. मग मी म्हटलं, आणायची मजुरी घ्या, आमच्या आधीच्या घामातला वाटा का घेता? ते माझ्याकडे न बघता मामूंना म्हणाले, हा कॉलेज सोडून आलेला तो का? मामू म्हणाले, होय, तोच.

परत येताना मामू म्हणाले, बघू. मला त्या 'बघू'चा संताप आला. अख्खी जमात या 'बघू'वर चालते.

बसस्टॉपवर मामू पाण्याची बाटली आणायला गेले तेवढ्यात मी आमच्या जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. खाडीकाठचे कतारमधले सगळे त्यात आहेत. दोन मिनिटांत जे काही मनात होतं ते सगळं. हरामखोर हा शब्द दोनदा आला असेल, फार तर तीनदा.

११ मे, शनिवार

लोक अंगठे दाखवतायत. एकाने लिहिलं, शाब्बास पठ्ठे. छाती भरून आली आहे. जिक्रा ग्रुपवर नाही, पण तिची अम्मी मैमुना, जिला आम्ही सगळे खाला म्हणतो, ती आहे. ऐकलंच असेल.

१२ मे, रविवार

आमच्या खोलीत तिसरा राहतो तो संपत. सांगोल्याचा, क्रेन चालवतो, चाळिशीतला. सकाळी त्याला मेसेज ऐकवला. वाटलं, पाठ थोपटेल. त्याने पूर्ण ऐकला, डब्यात भाकरी गुंडाळली आणि म्हणाला, "तबिश्या, लका, तुला गावाकडं जायचंय का आतमधी?"

इथे कोणाला शिवी देऊन ती फोनवर पाठवली तर त्याची पोलीस केस होते. त्याच्या साईटवरच्या एकाने सुपरवायझरला असंच काही पाठवलं आणि केस मिटेपर्यंत त्याला देशाबाहेर जाता आलं नाही. बाप वारला तरी नाही. मी म्हटलं, अश्फाकभाई असं करणार नाहीत, आपलेच आहेत. संपत म्हणाला, आपलेच हायत म्हणून तर तू शिवी दिलीस.

दुपारी मामूंच्या फोनवर अश्फाकभाईंचा मेसेज. मुलाचा आवाज माझ्याकडे जपून आहे. पैशांचा विषय संपवा, मग हाही संपला. नाहीतर मी पोलिसांत जाईन.

मामूंनी वाचला, फोन उलटा ठेवला आणि जेवले नाहीत. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "आतापर्यंत चूक त्याचीच होती. आता आपली पण झाली."

१४ मे, मंगळवार

अल गराफ्याला एका व्हिलात पडद्यांची मापं घ्यायला गेलो होतो. ज्या पडद्यांच्या दुकानात मी काम करतो तिथे माप चुकलं की कापड वाया आणि पगारातून कपात. आज दोन खिडक्या चुकल्या. शेठ म्हणाले, लक्ष कुठे आहे?

मामूंनी मशीनवाल्याला फोन केला. थोडी मुदत मागत होते. समोरच्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

१६ मे, गुरुवार

मामूंनी पुन्हा रय्यानला पाठवलं. म्हणाले, जिक्राला विचार, आता काय करायचं.

तिने तो मेसेज ऐकलाय. खालाने ऐकवला. मी मान खाली घालून बसलो. तिने दोन गिऱ्हाइकांचे फॉर्म संपवले, मग म्हणाली की तू माफी माग. मी म्हटलं, कदापि नाही. चोरी त्यांनी केली आणि माफी मी मागू? ती म्हणाली की तुझ्या डोक्यात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. त्या वेगळ्या कर.

"सॉरी फॉर द वर्ड. नॉट फॉर द मनी."

मी म्हटलं, लोक समजतील मी घाबरलो. ती म्हणाली, मग समजू दे. आणि मग म्हणाली, तुझ्या रागाचे पैसे तुझे मामू भरतायत. हे मात्र मराठीत म्हणाली. उच्चार थोडा वाकडा होता. मला दिवसभर तेच वाक्य ऐकू येतंय.

मी उठून आलो. सलामसुद्धा केला नाही. मेट्रोत सगळा वेळ तिच्याशी मनात भांडलो, आणि मनातसुद्धा हरलो.

१९ मे, रविवार

मागितली माफी. दुपारच्या सुट्टीत, दुकानामागच्या गोदामात, पडद्यांच्या गुंडाळ्यांमध्ये उभं राहून आवाज रेकॉर्ड केला. पाचसहा वेळा पुसला, कारण प्रत्येक वेळी शेवटी एखादं टोचणारं वाक्य आपोआप येत होतं. शेवटी कागदावर लिहून वाचलं.

"अस्सलामु अलैकुम. मी तबिश. अश्फाकभाईंबद्दल मी या ग्रुपवर जे शब्द वापरले ते चुकीचे होते. ते मी मागे घेतो. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो. पैशांबद्दलचा आमचा सवाल शिल्लक आहे. तो ग्रुपवर नाही, योग्य ठिकाणी विचारू."

एकही अंगठा आला नाही. शिवीला चाळीस अंगठे, माफीला शून्य. जमात ही अशी.

तासाभराने एकट्या मैमुना खालाकडून काहीतरी आलं. फूल. गुलाबाचं. चुकून दाबलं गेलं असावं.

२८ मे, मंगळवार

अश्फाकभाईंकडून काही नाही. पोलीसही नाही, उत्तरही नाही. संपत म्हणतो, गप बसलेल्या बैलाला डिवचू नको. पण मामू यावेळी 'बघू' म्हणाले नाहीत. म्हणाले, माफी आपण मागितली, आता हक्क मागायचा. आज सरकारी कार्यालयात तक्रार दिली. जिक्राने टाइप केलेलं अर्धं पान. पहिल्याच ओळीत कंपनीच्या कबुलीची तारीख, दुसऱ्या ओळीत अश्फाकभाईंशी करार केल्याची तारीख. मधे पंचवीस दिवस. एकही विशेषण नाही. वाचून मला वाटलं, असं थंड पान कोणाला पटणार? ईदनंतर दोघांना बोलावतील.

तिने टायपिंगचे पैसे घेतले नाहीत. मी ठेवले तर परत ढकलले. मी म्हटलं, मला उपकार नकोत. ती म्हणाली, फाइन, मग पुढच्या वेळी करक चहा आण. पुढची वेळ कशाची, तक्रार तर दिली. पण मी विचारलं नाही.

१६ जून, रविवार

ईद. नमाजनंतर मैमुना खालाकडे जेवायला. मामू, मी, आणि मामूंच्या आग्रहाने संपतही. मटणाला आपल्याकडची चव होती. संपतने तीनदा वाढून घेतलं आणि खालाला म्हणाला, वहिनी, आमच्याकडं असं मटण केलं तर माणूस उठत न्हाय, उचलावा लागतो.

खाला माझीच चौकशी करत बसली. दुकानात पगार वेळेवर होतो का. सिगारेट ओढतो का. कॉलेजचे किती पेपर राहिले. मी सांगितलं, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचे तीन. एका पेपरला सुपरवायझरशी वाजलं आणि मी उठून आलो, मग बाकीच्यांनाही गेलो नाही. खालाने मामूंकडे बघितलं. मामू हाडाशी खेळत बसले. भर ईदला माझा पाणउतारा चालला होता आणि सख्ख्या मामाचं लक्ष हाडात.

जिक्रा आतून सरबत घेऊन आली आणि माझा ग्लास सगळ्यात शेवटी दिला. म्हणजे मी तिच्या लेखी कोण, ते कळलं.

२६ जून, बुधवार

आज सुनावणी. सविस्तर लिहितो.

मी आत तोंड उघडायचं नाही, अशी जिक्राने माझ्याकडून शपथ घेतली होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. अधिकारी तरुण होता, शांत. अश्फाकभाईंनी सगळं सांगितलं: किती फेऱ्या मारल्या, कंपनीच्या गेटवर उन्हात कसे उभे राहिले, आपण नसतो तर एक रियाल आला नसता. आवाज खरा होता. मला ऐकवत नव्हतं, कारण मला त्यांचं पटू लागलं होतं.

अधिकाऱ्याने जिक्राचं पान उचललं आणि एकच प्रश्न विचारला. करार केला तेव्हा कंपनीची कबुली तुम्ही पाहिली होती का? अश्फाकभाई खोटं बोलले असते तर सुटले असते, पण म्हणाले, पाहिली होती. मग मामूंना हे सांगितलं होतं का, की त्या कबूल रकमेवरही चार आणे घेणार? म्हणाले, यांनी विचारलं नाही.

अधिकारी म्हणाला, विचारणं त्यांचं काम नव्हतं, सांगणं तुमचं होतं. पूर्ण पावणेआठ हजार परत करा असं मी लिहू शकतो. पण त्यांची हरकत आली तर महिने जातील. आपसात मिटवत असाल तर बाहेर जाऊन बोला, मी इथेच आहे.

मामू उठले आणि अश्फाकभाईंना घेऊन बाहेर पाण्याच्या मशीनजवळ गेले. मला बसून राहायला सांगितलं. काचेतून दिसत होतं. मामूच बोलत होते. मधे एकदा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हा पोरगा पुन्हा भडकेल, अशी भीती घातली असणार. अश्फाकभाई बराच वेळ बुटांकडे बघत होते. मग त्यांनी फोन काढला, मामूंना काहीतरी दाखवलं आणि बोटाने दाबून पुसलं. हिशोब मांडला असेल. मग दोघांनी हात मिळवले.

आत येऊन मामू म्हणाले, सहा हजार. आत्ताच्या आत्ता, ट्रान्सफर.

अधिकाऱ्यालाही नवल वाटलं, पण त्याने लिहून घेतलं. मला ओरडावंसं वाटलं. जिंकलेला डाव, पूर्ण रक्कम समोर, आणि या माणसाने पावणेदोन हजार सोडून दिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, का? ते म्हणाले, "महिने कुठे आहेत माझ्याकडे? आणि त्याच्या उन्हाची पण मजुरी असते की."

मी म्हटलं, तुम्ही घाबरट आहात. हो, असं म्हटलं. ते हसले. म्हणाले, चल, भूक लागली.

२७ जून, गुरुवार

अश्फाकभाईंनी ग्रुपवर लिहिलं: तबिशचा आणि माझा विषय संपला. पोरगा आहे, दिल साफ आहे. मी त्याचा आवाज पुसून टाकला आहे.

म्हणजे माझी माफी शेवटी त्यांच्या काळजाला भिडली. सव्वा महिना लागला, पण भिडली. जिक्राचं बरोबर होतं. संपतला हे सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या मामाच्या पायावर डोकं ठेव आज. का, विचारलं तर भाजी चिरायला लागला.

डोकं काही ठेवलं नाही. पण घाबरट म्हणालो ते मागे घेतलं. मामू म्हणाले, हे ग्रुपवर टाक, तिथे म्हणालास तरच खरा. ते गंमत करत होते. बऱ्याच दिवसांनी.

५ जुलै, शुक्रवार

मशीनवाल्याला पैसे गेले. मामूंनी नवीन मोटर नको म्हणून सांगितलं, पावणेदोन हजारांची तूट तशी भरून काढली. जुनी मोटर घेऊन स्वतः बांधून घेणार. एकोणीस वर्षं तेच केलंय म्हणे, त्यात काय.

माझ्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न आहे. तक्रार संपली. आता टायपिंग सेंटरला जायला काही कारणच उरलं नाही. सकाळभर कारण शोधलं, सापडलं नाही, मग करक चहाचे दोन कप घेऊन तसाच गेलो. कबूल केलेला चहा, एवढंच.

तिथे जे कळलं ते लिहायला हात उचलत नाही. जिक्राने स्वतःच सांगितलं, स्क्रीनकडे बघत. घरात एका मुलाचा विषय चाललाय. अम्मीला मुलगा आवडलाय, पण त्याने कॉलेज मधेच सोडलंय आणि तापट आहे, म्हणून अम्मी अडून बसलीय. ऑक्टोबरात राहिलेले पेपर दे म्हणावं, मग बघू.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. मी विचारलं, तुला आवडलाय? ती म्हणाली, समटाइम्स.

मी म्हटलं, कॉलेज सोडलेला, वर तापट, असल्या मुलाला सरळ नाही सांग. तुझं आयुष्य आहे. ती तोंडावर फाइल धरून हसायला लागली. थांबेचना. शेजारच्या काउंटरवरचा माणूस वळून बघायला लागला. मी तिचं भलं सांगत होतो आणि ती हसत होती. नाव विचारलं तर म्हणाली, गेस.

चहा तिथेच ठेवून आलो. दोन्ही कप.

१३ जुलै, शनिवार

आठवडाभर त्या मुलाचा विचार करतोय. अल रय्यानचा असेल. गाडी असेल त्याच्याकडे. खाला मला एवढं खोदून विचारत होती ते कळलं आता. माझ्याशी ताडून बघत असणार, की तो निदान याच्यापेक्षा बरा आहे. संपतला सगळं सांगितलं. त्याला ठसका लागला. पाणी दिलं तर म्हणाला, राहू दे, पोरा, तुझ्यामुळं लागला न्हाय.

त्या मुलाचेही पेपर राहिलेत. माझेही राहिलेत. मग मी का नाही देऊ शकत? तो तापट आहे; मी तर आता सुधारलोय, जमातीसमोर माफी मागितलेला माणूस आहे. शेठकडे ऑक्टोबरची तीन आठवड्यांची रजा मागितली. बिनपगारी दिली.

१९ जुलै, शुक्रवार

मामू गेले. विमानतळावर मी आणि संपत. मामूंचं सामान इतकं कमी की संपत म्हणाला, कमालभाई, एकोणीस वर्षांत तुम्ही नुसतं वजन करून बघायला आला होता का. मामूंनी गळ्यात मोटर बांधायच्या तांब्याच्या तारेची पिशवी अडकवली होती, ती काही केल्या सामानात टाकेनात.

एक माणूस धावत आला. अश्फाकभाई. खजुराचा डबा आणला होता. मामूंना मिठी मारली. माझ्यापुढे हात केला. मी हात दिला. घट्ट धरून म्हणाले, "मामू जपून ठेव हां. असा मामू बेचाळीस हजारांत मिळत नाही." मी म्हटलं, ते तर चाललेत. ते म्हणाले, होय, होय, तेच, आणि डोळे पुसले. विमानतळावर लोक उगीच हळवे होतात.

मामू आत जाताना म्हणाले, जिक्राला सलाम सांग. मी सांगणार नाही. तिचा आणि माझा आता काय संबंध.

९ ऑगस्ट, शुक्रवार

मशीन चाललं. मामूंनी व्हिडिओ पाठवला: बर्फाची लादी आत जाते, खडखडाट, आणि पलीकडून पांढरा चुरा पाटीत पडतो. बायका टोपल्या घेऊन उभ्या. मागे कोणीतरी म्हणतंय, कमाल, तुझा बर्फ महाग आहे, आणि मामू म्हणतायत, मग टेम्पोचं पाणी घे. हा आवाज त्यांनी इथे कधी काढला नव्हता.

मी फोन केला आणि एका दमात सांगितलं, की तालुक्याला जाल तेव्हा कॉलेजात विचारा, ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो. मला तिन्ही पेपर द्यायचेत. ते म्हणाले, फी भरली. मी म्हटलं, कधी? म्हणाले, मंगळवारीच, बर्फाचा पहिला गल्ला घेऊन गेलो. मैमुना पावती मागत होती, तिला फोटो पाठवला. माझ्या फीची पावती खालाला कशाला? त्यांना मशीनच्या आवाजात प्रश्न ऐकू आला नाही बहुतेक, फोन ठेवला.

असो. संध्याकाळी मी जुनी पुस्तकं मागवायची यादी घेऊन टायपिंग सेंटरला गेलो, प्रिंट काढायला. जिक्राला सांगितलं, मी परीक्षा देतोय. ती म्हणाली, गुड. आणि तो मुलगा? मी विचारलं. ती म्हणाली, तोही देतोय, ऑक्टोबरातच, तेच तीन पेपर.

तेच तीन पेपर. म्हणजे समोरासमोर. ठीक आहे. मी तिला स्पष्ट सांगितलं की मी त्या मुलापेक्षा जास्त मार्क घेऊन दाखवीन आणि मग तिने ठरवावं. ती म्हणाली, डील. प्रिंटचे पैसेही घेतले नाहीत.

उद्या पहाटे उठून अकाउंट्स काढायचं ठरवलंय. बघतोच त्याला.